खाजणवाडीच्या बांधावर नव्या सुना गोष्ट का सांगतात

खाडीकडून होडीने आलात तर खाजणवाडीचा बांध दुरूनच ओळखू येतो. बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला कांदळाचं, म्हणजे खारफुटीचं, रान आहे. ते मधे उंच आणि दोन्ही टोकांकडे उतरत गेलेलं, पालथ्या घातलेल्या होडीसारखं दिसतं. मधली झाडं शंभरी ओलांडलेली. त्यांची मुळं माणसाच्या मांडीएवढी जाड आणि चिखलात पाय फाकून उभी. टोकाची रोपं मात्र गेल्या वर्षीची, वीत-दीड वीत उंचीची. बांधाच्या आत भातशेती आहे. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर असतं, म्हणून बांध आहे तर गाव आहे, असा इथला हिशेब.

गावात लग्न होऊन आलेली सून, हिंदूची असो की ख्रिस्तावाची, तिच्या पहिल्या भाद्रपदात या बांधावर येऊन बसते. समोर सासरची माणसं आणि शेजारपाजार. ती माहेरची एक गोष्ट सांगते. कोणती सांगायची ते तिचं तिने ठरवायचं. ती संपली असं ती म्हणेपर्यंत कोणी उठायचं नाही, मधे बोलायचं नाही, अर्थ विचारायचा नाही. एकदा म्हणे एका सुनेची गोष्ट इतकी लांबली की भरतीचं पाणी बांधावर चढून सासऱ्याच्या धोतराला लागलं, तरी म्हातारा जागचा हलला नाही. गोष्ट झाली की सून ओहोटीच्या चिखलात उतरते आणि कांदळाची एक शेंग रोवते. उतरताना ‘ताबी-ताबी पो’ म्हणते. हे शब्द मालवणी नाहीत, कोंकणी नाहीत, लॅटिनही नाहीत. ते समुद्रापलीकडून आले.

जुनी माणसं त्याची हकिकत अशी सांगतात.

खाजणवाडीचा इनास रॉड्रिग्ज आगबोटीवर स्वयंपाकी होता. एका फेरीत मनिला बंदरात त्याला ताप भरला. बोट त्याला तिथेच उतरवून निघून गेली. ज्या घरी तो महिनाभर पडून होता, तिथे कपडे धुवायला सालूद नावाची एक मुलगी येत असे. ती मूळची त्या शहरातली नव्हती, दूरच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून एकटी आली होती. तिने इनासला पेज भरवली, इनासने तिला लग्नाचं विचारलं. तिथल्याच चर्चमध्ये दोघांचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी सिंगापूर, मुंबई, वेंगुर्ला करत तो तिला घेऊन खाजणवाडीच्या धक्क्यावर उतरला.

धक्क्यावर सगळा गाव जमला होता. इनासची आई रुझाय पुढे आली, तिने सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला आणि मुलाला म्हणाली, “इनास, ही चिनीण तू खंयसून हाडलंस?”

सालूदला तेवढा एक शब्द कळला, कारण बोटीवरही लोक तोच म्हणत होते. ती मान हलवून म्हणाली, “चिनी नाय. फिलिपिना.”

“फिलिपची?” कोणीतरी मागून विचारलं. “ह्यो फिलिप कोण? हिचो पयलो न्हवरो?”

धक्का हसण्याने दणाणला. इनासही हसला. सालूद इनासच्या तोंडाकडे बघत राहिली. हा आता सांगेल, नीट समजावून सांगेल, असं तिला वाटत होतं. इनासने ट्रंक डोक्यावर घेतली आणि घराची वाट धरली. त्या दिवसापासून ती गावाची चिनीण झाली.

तीन महिन्यांनी इनास बोटीवर परत गेला. वर्षातले दहा महिने तो समुद्रावर असायचा. घरात राहिल्या सासू आणि सून. रुझाय वाईट नव्हती. सुनेला पोटभर घालायची, आजारी पडली तर रात्रभर उशाशी बसायची. पण ती सतत कामात, सतत बोलत, आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची तिला सवयच नव्हती. सालूदने दीड वर्षात मालवणी उचलली. बाजारात भाव करण्याइतकी, भांडण्याइतकी चांगली उचलली. पण हिला बोलता येत नाही, असं गावाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. ती बोलायला लागली की लोक तिच्या शब्दांकडे न बघता ओठांकडे बघायचे आणि ती श्वास घ्यायला थांबली की आपणच तिचं वाक्य भलतीकडे नेऊन संपवायचे.

दुसऱ्या वर्षी खाडीच्या मुखाशी चुन्याची भट्टी लागली. शिंपले भाजायला सरपण हवं होतं आणि कांदळाचं लाकूड जळायला चांगलं. बांधाची देखरेख गावाने धर्माजी तांडेलकडे सोपवलेली होती. धर्माजी सरळ माणूस, पण कांदळाचा त्याला राग होता. त्यात साप असतात, डास होतात, जाळी अडकून फाटतात. तो भट्टीवाल्यांना म्हणाला, “घेऊन जावा सगळा. बांध मोकळो होयत.”

पहिली कुऱ्हाड पडली तेव्हा सालूद बांधावरून शेण घेऊन चालली होती. तिने पाटी टाकली आणि चिखलातून धावत गेली. कापणाऱ्यांच्या समोर उभी राहून ती झाडांकडे वळली आणि म्हणाली, “ताबी-ताबी पो.” तिच्या गावी झाडीत शिरताना तिथे राहणाऱ्या अदृश्यांना असं सांगतात. ‘जरा बाजूला व्हा, आम्हाला जाऊ द्या,’ एवढाच त्याचा अर्थ. माणसांनी निदान विचारून तरी आत यावं, असं तिला म्हणायचं होतं. मग ती कापणाऱ्यांना सांगू लागली, “आमच्या गावात असाच रान होता. समुद्राच्या आणि आमच्या मधी. मगे एक वर्षी...”

“चिनीण झाडाक नमस्कार करता!” एकजण ओरडला. बाकीचे हसले. धर्माजीने तिला हाताला धरून बांधावर आणलं. “जा गो बाय घराक. हंय कुऱ्हाडी चल्तत, लागात.”

म्हणे त्यानंतर ती गोष्ट सांगायचा तिने किती वेळा प्रयत्न केला याची गणती नाही. मासे साफ करताना रुझायला सांगू लागली. रुझाय म्हणाली, “मगे सांग. आदी तां बांगडो बघ, मांजर नेतला.” क्रुसाकडे लदीन म्हणायला गाव जमला तेव्हा प्रार्थनेनंतर उभी राहिली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच वाटायचे चणे आले आणि सगळे उठले. धर्माजीच्या घरी गेली. त्याने तिला बसायला दिलं, ऐकल्यासारखं केलं, आणि ती ‘मगे एक वर्षी’ या शब्दांशी आली तेव्हा हाक मारून बायकोला विचारलं, “गे, म्हशीक पाणी दाखवलंस?”

पहिलं वाक्य गावाला पाठ झालं. मुलं तिला पाहून तेच चालीवर म्हणायची. पुढचं कोणालाच माहीत नव्हतं.

इनास सुट्टीवर आला तेव्हा तिने त्याच्याकडे हात जोडले. “तू सांग. तुका सगळा ठावक आसा. तुझा आयकतीत.”

इनास खालच्या आवाजात म्हणाला, “सालूद, ता भायर काढू नको. लोक म्हणतले, इनासान अपशकुनी बायल हाडल्यान. तू हंय सुखात रव.”

“मी सुखात नाय,” ती म्हणाली. “झाडा कापतत.”

“झाडा परत येतली.”

“आपसूक येवची नाय.”

तो कुशीवर वळून झोपला. सालूद पहाटेपर्यंत जागी होती असं रुझाय पुढे सांगायची. चुलीशी बसून ती हातातली काटकी बारीक बारीक मोडत होती. त्या फेरीत इनास गेला तो परत आलाच नाही. रंगूनच्या वाटेवर तापाने गेला, एवढं कळवणारं पत्र पाद्रीबाबांनी वाचून दाखवलं. त्याच्याबरोबर, सालूदची गोष्ट जाणणारा या किनाऱ्यावरचा एकमेव माणूस गेला.

गावाला वाटलं आता ती रडत बसेल, नाहीतर परत जायचं म्हणेल. ती कुठे परत जाणार होती, ते कोणी विचारलं नाही. भाद्रपदात तिने इनासची जुनी पगार, म्हणजे लहान होडी, पाण्यात लोटली आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर गेली, जिथे कुऱ्हाड पोचली नव्हती. तिथल्या कांदळाला हातभर लांब हिरव्या शेंगा लोंबत होत्या. तिने होडीभर शेंगा आणल्या आणि ओहोटीला बांधाच्या मध्यावर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून एकेक रोवली.

हे काम तिने शांतपणे, देवाचं काम म्हणून केलं असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. ती रागाने करत होती. शेंग चिखलात खुपसताना भाल्यासारखी खुपसायची. तोंडाने तिच्या भाषेत अखंड काहीतरी चाललेलं असायचं आणि मधेच दोन्ही हातांनी चिखलावर थपडा मारायची. पहिल्या वर्षीच्या रोपांपैकी अर्धी म्हशींनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी कोणीतरी जाळी सुकवायला उपटून जागा केली. तिसऱ्या वर्षी धर्माजीने समजूत घातली, “बाय, दुखान तुझ्या डोक्यार परिणाम झालो हा.” तिने त्याच्या पायाजवळच एक शेंग रोवली आणि म्हणाली, “सरक.”

रुझाय बांधावर उभी राहून हाका मारायची. “लोक हसतत गो! घराक चल!” सालूद वर बघायची नाही. सासूसुनेत बोलणं उरलं ते मिठामिरचीपुरतं. रुझायलाही त्रास होत होता. मुलगा गेला, सून चिखलात, आणि शेजारणी दारात येऊन ‘चिनीण आज काय करता?’ विचारतात. ती चिडून म्हणायची, “हिणा माका एकदा नीट सांगलान असता तर!” पण ते तिने सालूदला कधी विचारलं नाही.

अशी पाच वर्षं गेली. मध्यावर शंभरेक पावलांच्या लांबीत कांदळ माणसाच्या डोक्यावर गेलं. बाकी सगळा बांध उघडा होता. त्याची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळायची आणि धर्माजी दर मे महिन्यात ती भरायचा.

सालूद गावात आल्याच्या सातव्या वर्षी, कार्तिकातल्या अमावास्येला, भात कापणीला आलेलं होतं. सकाळपासून वारा दक्षिणेकडून येत होता आणि खाडीचं पाणी काळपट दिसत होतं. दुपारच्या उधाणाच्या वेळी तुफान झालं. जुने लोक म्हणतात, पाणी लाट होऊन आलं नाही, आख्खी खाडीच उभी राहून चालत आली. आधी पश्चिमेचं टोक फुटलं, मग पूर्वेचं, मग देवळाजवळचं. तीन तोंडांनी समुद्र शेतात शिरला. घरांच्या मातीच्या भिंती विरघळल्या. माणसं पोरांना खांद्यावर घेऊन उंच जागा शोधत धावली आणि तेव्हा त्यांना दिसलं की बांधाचा मधला तुकडा जागेवर आहे. तिथे पाणी येत होतं, पण कांदळात शिरून दमून, फेसाळून, बांधाच्या पायाशी येईतो मऊ पडत होतं.

सगळा गाव त्या शंभर पावलांवर चढला. कोंबड्या, शेरडं, गाभण म्हैस, क्रुसावरची मूर्ती, देवळातला मुखवटा. मागून येणाऱ्यांना जागा करायला आधीचे चिकटून बसले. फक्त धर्माजीचा म्हातारा बाप आला नाही. तो अंथरुणाला खिळलेला होता. धर्माजी दोनदा पाण्यात उतरला आणि दोनदा माणसांनी त्याला ओढून वर घेतलं. मग तो बसला. सालूदच्या शेजारीच त्याला जागा मिळाली होती.

वारा पडला, पण पाणी उतरेना. बराच वेळ गेल्यावर धर्माजी घोगऱ्या आवाजात म्हणाला, “सांग गो बाय. तुझ्या गावाचा काय झाला ता.”

सालूदने त्याच्याकडे मान वळवली. तिचे दात वाजत होते. “आता?” ती म्हणाली. “आता सांगू? पाच वर्षा मी दारोदार फिरलंय. तुझ्या घराक इलंय. तू म्हशीचा विचारलंस.”

धर्माजीने सरकून तिला उभं राहायला जागा केली.

“सांग,” रुझाय म्हणाली. “मी आयकतंय.”

सालूद उठून उभी राहिली. तिला वाटलं असेल की पाण्यात उडी घ्यावी, नाहीतर या सगळ्यांना एकेक करून ढकलावं. इतक्या वर्षांत किती वेळा तिने ही घडी मनात रंगवली असेल! सगळे गप्प आहेत, सगळे ऐकतायत, आणि आपण सांगतोय. आता घडी आली होती आणि धर्माजीचा बाप पाण्याखाली होता. आता गोष्ट सांगून काय उपयोग, याचाच तिला राग आला. ती बोलू लागली ती तिच्या स्वतःच्या भाषेत.

पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिने गोष्ट सांगितली, आणि एकही शब्द मालवणीत सांगितला नाही. कोणी तिला थांबवलं नाही. थांबवून जायला जागाच नव्हती. ती हातांनी उंच झाडं दाखवत होती, कुऱ्हाड दाखवत होती. मधे एकदा हसली, तेव्हा लोक दचकले. एखादा गमतीचा प्रसंग असावा, कोणाची तरी नक्कल असावी. मग आवाज बारीक झाला. ती एकेक बोट दुमडत नावं घेऊ लागली. नावं सगळ्या भाषांत नावंच असतात, ती कळली. पहिलं बोट, दुसरं, तिसरं. दहाव्या बोटाशी आली तेव्हा तिने ते बोट दुमडलं नाही. ते छातीला लावलं.

रुझायने तेव्हा पदर तोंडात कोंबला. सात वर्षं एका चुलीवर जेवलो, हिच्या घरात माणसं किती होती ते मी विचारलं नाही, असं ती मरेपर्यंत सांगायची.

गोष्ट संपली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. रुझायने सुनेचे पाय धरले. “आता आमच्या भाषेत सांग माका. एकदाच सांग.”

“नाय,” सालूद म्हणाली.

“कित्याक?”

“सांगान झाला.”

त्यानंतर ती तीस वर्षं जगली. रुझायने विचारलं, धर्माजीने विचारलं, नवा पाद्री आला त्याने विचारलं. तिने ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. मागून जन्मलेल्यांनी आपापल्या परीने ती जुळवायचा प्रयत्न केला. रान कापलं, समुद्र आला, नऊ माणसं गेली, एक उरली. पण ती हसली ते कशाला, हे कोणालाच जुळवता आलं नाही.

तुफानाच्या त्याच संध्याकाळी, चिखलात उभी राहून, रुझायने समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्या गावासमोर शपथ घातली, असं सांगतात. “ह्या गावात लगीन होवन येणाऱ्या चेडवाचा बोलणा अर्ध्यार तोडलात तर तुमका ह्या पाण्याची आण. ती सांगात तेवडा आयकायचा. समाजला नाय तरी आयकायचा.” धर्माजीने पहिला हात पुढे केला.

तीन पावसाळे शेतात मीठ राहिलं, भात झालं नाही. माणसं मोलमजुरीला लांब गेली. चौथ्या वर्षी धर्माजीच्या मुलाचं लग्न झालं. सून द्वारका, घाटावरच्या आजऱ्याकडची. भाद्रपदात तिला बांधावर बसवलं. पोरीला काय सांगावं सुचेना. तिने तिच्या काकाचा हरवलेला रेडा कसा शोधला ते सांगितलं आणि घाबरल्यामुळे तेच तेच पुन्हा सांगत राहिली. दुपार कलली, माणसांचे पाय बधिर झाले, रेडा काही सापडेना. कोणी उठलं नाही. धर्माजी तर शेवटपर्यंत डोळे मिटून, हात जोडून बसला होता.

सालूद मात्र त्या बैठकीला आली नाही. तिला बोलावणं गेलं होतं. ती म्हणाली, “माका कामा आसत,” आणि शेंगांची होडी घेऊन बांधाच्या फुटक्या टोकाकडे गेली. गावाने ते मनाला लावून घेतलं नाही. संध्याकाळी द्वारका तिच्यामागे चिखलात उतरली, शेंग कशी धरायची ते विचारलं, आणि सालूदने तिला दाखवलं. वरचं टोक वर, खालचं खाली, चार बोटं आत. आणि उतरण्याआधी म्हणायचं काय, तेही सांगितलं. एवढंच तिने कोणाला शिकवलं.

आजही खाजणवाडीत भाद्रपद आला की सुना बांधावर बसतात. आता काही आसामातून येतात, काही झारखंडातून, एक तर आखातात ओळख होऊन केरळातून आली. जिची जी भाषा, त्या भाषेत गोष्ट होते. फोन घरी ठेवून यायचे, हा नियम अलीकडचा.

खाडीच्या पलीकडच्या काठावर, जिथून सालूद शेंगा आणायची, तिथे आता कोळंबीची तळी झाली आहेत आणि कांदळ बुलडोझरने काढलं जातंय. गावातल्या बायका तीनदा तिकडे जाऊन आल्या. ही सगळी हकिकत सांगायला बसल्या. पहिल्यांदा मालक घरी नव्हता. दुसऱ्यांदा तो म्हणाला, लेखी द्या. तिसऱ्यांदा त्याने खुर्च्या मांडल्या, चहा मागवला आणि घड्याळ बघून सांगितलं की चहा येईस्तोवर काय ते बोला. द्वारकेच्या नातसुनेने सुरुवात केली, ती धक्क्यावरच्या हसण्यापर्यंत पोचली आणि चहा आला.

बायका चहा न घेता उठल्या. होडीत बसण्याआधी त्या तळ्याच्या कुंपणाबाहेर ओहोटीच्या चिखलात उतरल्या आणि पदरात बांधून आणलेल्या शेंगा रोवू लागल्या. मालक वरून ओरडत होता, कोणाला विचारून लावताय म्हणून. द्वारकेच्या नातसुनेने मान वर केली नाही. अंधार पडेपर्यंत त्यांनी त्या काठावर एकशे चाळीस रोवल्या.